जुलाबांमागचं निवोलुमॅब : इंदूरच्या एका फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावरचं प्रकरण

रुग्ण ६१ वर्षांचे, वीज मंडळातून निवृत्त, इंदूरच्या सुदामानगरात मुला-सुनेजवळ राहणारे. तंबाखूची सवय पंचवीस-तीस वर्षांची. डाव्या गालाच्या आतल्या बाजूला कर्करोग झाला, शस्त्रक्रिया झाली, मग रेडिएशन झालं. सव्वा वर्षानं मानेत गाठ परत आली आणि ती काढण्यासारखी राहिलेली नव्हती. मुंबईला दाखवून आल्यावर चार औषधं सुरू झाली : आठवड्यातून एकदा मेथोट्रेक्सेटच्या गोळ्या, रोज एर्लोटिनिब १५० मिलिग्रॅम, सेलेकॉक्सिब २०० मिलिग्रॅम दिवसातून दोनदा आणि दर तीन आठवड्यांनी शिरेतून निवोलुमॅब २० मिलिग्रॅम. हे शेवटचं औषध इंदुरातल्याच एका डे-केअरमध्ये मिळायची सोय झाली, त्यामुळे अवंतिका एक्स्प्रेसच्या फेऱ्या वाचल्या. चौथ्या डोसानंतर मानेतली गाठ हाताला लहान लागायला लागली, काकांना वरणभात नीट खाता येऊ लागला. घरात गणपती बसले आणि त्याच आठवड्यात जुलाब सुरू झाले.

घरच्यांच्या संमतीनं हे प्रकरण लिहितो आहे. ओळख पटेल असे तपशील बदलले आहेत. मी फिजिशियन. सुदामानगर, लोकमान्यनगर, राजेंद्रनगर या पट्ट्यातल्या फॅमिली डॉक्टरांचा एक अभ्यासगट दर महिन्याला बसतो, त्याची जुळवाजुळव माझ्याकडे असते. कर्करोगाच्या उपचारात जे नवं येतंय ते या डॉक्टरांपर्यंत कसं पोचवायचं, यावर आमची बरेच दिवस चर्चा चालू होती. या एका रुग्णामुळे ती चर्चा जमिनीवर आली.

पहिला आठवडा

पहिले दोन दिवस तीन-चार वेळा पातळ झालं. एर्लोटिनिबनं जुलाब होतात हे डे-केअरमध्ये सांगितलेलं होतं. जुलाब थांबवणाऱ्या लोपेरामाइडची पट्टी घरात होतीच, ती घेतली, थोडा फरक पडला. तिसऱ्या दिवशी घरच्या डॉक्टरांकडे गेले. हे डॉक्टर त्या घरात तीन पिढ्यांचे. बाहेर पाऊस, घरात पाहुण्यांची ये-जा, रोज वेगळ्या घरून आलेला प्रसाद आणि शेजारी दोघांना तसाच त्रास. त्यांनी ओआरएस, ऑफ्लॉक्सॅसिन-ऑर्निडाझोल आणि प्रोबायोटिक लिहून दिलं. भाद्रपदातल्या इंदुरात कुठलाही डॉक्टर हेच करील आणि बहुतेक रुग्ण त्यानं बरेही होतील. त्या दिवशीच्या निर्णयात मला काही वावगं दिसत नाही.

पाचव्या दिवशी रंग बदलला. दिवसाला आठ-नऊ वेळा, त्यातल्या तीन रात्रीच्या. आव, रक्ताच्या रेषा, ओटीपोटात पिळवटून येणारी कळ. ताप नाही. मुलाचं म्हणणं, केमो चालू आहे तर पोट बिघडणारच, पुढच्या तारखेला दाखवू. सून मात्र सहाव्या दिवशी सकाळीच दवाखान्यात आली.

"रात्री किती वेळा उठले, सूनबाई?"

"तीनदा, डॉक्टरकाका. एकदा तर कपड्यांतच झालं. बाबा कुणाशी बोलतच नाहीयेत कालपासून."

"मुंबईची फाइल आणलीस?"

"सगळी आणली."

फाइल जाडजूड होती. वर बिलं, मग स्कॅनच्या फिल्म, मग रेडिएशनचे कागद. डे-केअरची चिठ्ठी अगदी तळाशी. त्या चिठ्ठीच्या कोपऱ्यात औषधाच्या कुपीवरचं स्टिकर काढून चिकटवलेलं होतं, बॅच नंबर आणि मुदतीच्या तारखेसकट, आणि त्यावर बारीक अक्षरात निवोलुमॅब. डॉक्टरांनी ते चष्मा वर करून दोनदा वाचलं, फोटो काढला, मला पाठवला आणि लगेच फोन केला. "हे इम्युनोथेरपीचं ना? याच्यानं असे रक्ताचे जुलाब होऊ शकतात?"

होऊ शकतात. आणि नेमकी हीच गोष्ट त्यांना कुणी सांगितलेली नव्हती. निवोलुमॅबचं नाव त्यांनी एका परिषदेत ऐकलं होतं, जगण्याचा काळ वाढल्याचे आलेख पाहिले होते. जुलाबांचा उल्लेख तिथे झालाही असेल, दुष्परिणामांच्या तक्त्यातल्या एखाद्या ओळीत.

गुंता नेमका कुठे होता

हे डॉक्टर आमच्या महात्मा गांधी स्मृती वैद्यकीय महाविद्यालयातून १९८०च्या दशकात बाहेर पडले. तेव्हा कर्करोगाचं औषध म्हणजे सिस्प्लॅटिन आणि ५-फ्लुरोयुरॅसिल. वाढणाऱ्या पेशी मारायच्या, त्यात रक्तातल्या पांढऱ्या पेशीही मरतात, प्रतिकारशक्ती खाली जाते, जंतुसंसर्ग होतो. त्यामुळे त्या पिढीच्या डॉक्टरांच्या अंगात एक नियम मुरला आहे : कर्करोगाच्या रुग्णाला जुलाब झाले की आधी जंतू शोधा, अँटिबायोटिक द्या आणि स्टेरॉईडला हात लावू नका.

निवोलुमॅब, म्हणजे आपल्या प्रतिकारशक्तीलाच कर्करोगावर सोडणारी इम्युनोथेरपी, याच्या उलट बाजूनं काम करतं. आपल्या टी-पेशींवर (प्रतिकारशक्तीच्या लढाऊ पेशी) पीडी-१ नावाचा ब्रेक असतो. कर्करोगाच्या पेशी तो दाबून ठेवतात आणि सुटतात. औषध तो ब्रेक काढून घेतं. या जातीच्या ब्रेकच्या शोधासाठी जेम्स अ‍ॅलिसन आणि तासुकू होंजो यांना २०१८चं नोबेल पारितोषिक मिळालं. होंजो यांचं काम पीडी-१वरचं. मोकळ्या सुटलेल्या टी-पेशी गाठीवर तुटून पडतात आणि काही जणांत स्वतःच्या शरीरावरही : आतडं, फुप्फुस, यकृत, थायरॉईड, पिट्युटरी (मेंदूखालची ग्रंथी), त्वचा, सांधे, क्वचित हृदय. म्हणजे या रुग्णात प्रतिकारशक्ती कमी पडलेली नव्हती, ती जास्त झाली होती. अशा जुलाबांवरचा मुख्य उपाय स्टेरॉईड हाच आहे. जुन्या नियमाप्रमाणे चालणारा चांगला, काळजीवाहू डॉक्टर इथे नेमका उलट्या दिशेला जातो.

या रुग्णात आणखी एक पेच होता आणि अभ्यासाच्या दृष्टीनं तो मला सगळ्यात महत्त्वाचा वाटतो. संशयित एक नव्हता. एर्लोटिनिब स्वतःच जुलाब करतं. ते बहुतेक वेळा पाण्यासारखे, औषध सुरू झाल्यावर पहिल्या काही आठवड्यांतच दिसणारे, लोपेरामाइडनं आवरणारे. मेथोट्रेक्सेटनं आतड्याचं अस्तर सोलवटतं, पण मग सहसा तोंडही आलेलं असतं आणि रक्तातल्या पेशी कमी झालेल्या असतात. संसर्ग तर ऋतूचाच होता. इम्युनोथेरपीचा आतड्यांचा दाह बहुधा सहा ते आठ आठवड्यांच्या आसपास डोकं वर काढतो, पण तो कधीही होऊ शकतो, औषध बंद करून काही महिने झाल्यावरसुद्धा. निवोलुमॅबचं अर्धायुष्यच सुमारे २५ दिवसांचं आहे आणि टी-पेशींवरचा त्याचा परिणाम त्याहून लांबतो. काकांना जुलाब लागले ते अकराव्या आठवड्यात. रक्त, आव, कळ आणि रात्री झोपेतून उठवणारे जुलाब, हे सगळं दाहाकडे बोट दाखवत होतं. तरी यातलं एकही लक्षण पैजेवर सांगण्याइतकं खात्रीचं नाही, म्हणून तपासण्या.

लोपेरामाइडनं इथे घात केला असं म्हणणार नाही, पण त्यानं चित्र झाकलं हे खरं. एर्लोटिनिबसाठी बरोबर असलेली सूचना निवोलुमॅबच्या बाबतीत दिशाभूल करते, आणि दोन्ही औषधं एकाच माणसाच्या पोटात होती.

फोनवर ठरलं ते थोडक्यात असं : चारही औषधं आजपासून बंद, लोपेरामाइड बंद, आणि आजच भरती. सेलेकॉक्सिब आणि मेथोट्रेक्सेट का बंद, हे घरच्यांना कळेना, कारण त्यांच्या लेखी जुलाबांशी त्यांचा संबंध नव्हता. पण शरीरातलं पाणी गेलेलं असताना सेलेकॉक्सिब मूत्रपिंडावर ताण आणतं, मूत्रपिंड मंदावलं की मेथोट्रेक्सेट शरीरात साठतं, आणि मग रक्तपेशी कोसळतात. डॉक्टरांनी सुनेला समोर बसवून हे समजावलं आणि तिन्ही गोळ्यांच्या आणि लोपेरामाइडच्या पट्ट्या तिच्या पिशवीतून काढून स्वतःच्या ड्रॉवरमध्ये ठेवल्या.

रुग्णालयात

क्रिएटिनिन २.१, म्हणजे मूत्रपिंड मंदावलेलं, पोटॅशियमही कमी, २.९, पांढऱ्या पेशी ठीक. पोट मऊ, म्हणजे आतड्याला छिद्र पडल्याची शंका नव्हती. एक्स-रेनंही तेच सांगितलं. शौचाच्या कल्चरमध्ये काही उगवलं नाही, क्लॉस्ट्रिडिऑइडिस डिफिसिल या जंतूचं विष सापडलं नाही. दुसऱ्या दिवशी सिग्मॉइडोस्कोपी केली, म्हणजे दुर्बिणीनं मोठ्या आतड्याचा शेवटचा भाग पाहिला : अस्तर लाल, सुजलेलं, जागोजागी उथळ व्रण. तुकडे तपासायला गेले. दिवसाला नेहमीपेक्षा सात किंवा जास्त वेळा शौच, म्हणजे दुष्परिणामाची श्रेणी ३, गंभीर. मिथाइलप्रेडनिसोलोन हे स्टेरॉईड किलोमागे १ मिलिग्रॅम या हिशेबानं शिरेतून सुरू केलं, बायोप्सीच्या अहवालासाठी न थांबता. थांबायचं नसतं. हेपॅटायटिस बीची तपासणी आणि छातीचा एक्स-रे त्याच दिवशी करून घेतला, कारण स्टेरॉईडला दाद मिळाली नाही तर पुढची पायरी इन्फ्लिक्सिमॅब किंवा व्हेडोलिझुमॅब, आणि इन्फ्लिक्सिमॅबनं झोपलेला क्षय जागा होतो. आपल्याकडे ही गोष्ट विसरून चालत नाही.

तिसऱ्या दिवशी जुलाब तीनवर आले. अहवालही दाहाशी जुळणारा आला. पोटॅशियम, क्रिएटिनिन जागेवर आल्यावर प्रेडनिसोलोन या स्टेरॉईडच्या गोळ्यांवर घरी सोडलं. डोस सहा आठवड्यांत हळूहळू उतरवायचा होता. निवोलुमॅब पुन्हा द्यायचं नाही असं कर्करोगतज्ज्ञांनी ठरवलं.

इथून रुग्ण परत घरच्या डॉक्टरांच्या हाती आला आणि इथेच या प्रकरणातली मला सगळ्यात मोलाची वाटणारी गोष्ट घडली. प्रेडनिसोलोन २० मिलिग्रॅम किंवा जास्त चार आठवडे द्यायचं असेल तर न्यूमोसिस्टिस बुरशीचा न्यूमोनिया टाळायला कोट्रायमॉक्सॅझोल देतात. ते डिस्चार्जच्या कागदावर होतं. दोन आठवड्यांनी डे-केअरमधून तोंडानं घ्यायची कर्करोगाची औषधं पुन्हा सुरू करण्याचा निरोप आला. सून दोन्ही पिशव्या घेऊन दवाखान्यात आली, रक्तदाब बघायला म्हणून. टेबलावर एका बाजूला कोट्रायमॉक्सॅझोल, दुसऱ्या बाजूला मेथोट्रेक्सेट. डॉक्टरांनी तिथेच थांबवलं. संधिवाताचे रुग्ण पाहून पाहून त्यांना ही जोडी पाठ होती : दोन्ही फोलेटच्या (पेशी वाढायला लागणारं जीवनसत्त्व) वाटेवर घाव घालतात, एकत्र दिली तर रक्तपेशी बनवणारी अस्थिमज्जा बसते. त्यांनी कर्करोगतज्ज्ञांना फोन लावला, स्टेरॉईड उतरून कोट्रायमॉक्सॅझोल थांबेपर्यंत मेथोट्रेक्सेट पुढे ढकललं गेलं. त्याच फोनवर पोटासाठी दिलेल्या पॅन्टोप्राझोलचाही विषय निघाला, कारण त्यानं एर्लोटिनिबचं शोषण कमी होतं, तेही बदललं.

तीन वेगवेगळ्या ठिकाणांहून आलेली औषधं एकत्र दिसतात ती फक्त फॅमिली डॉक्टरांच्या टेबलावर. नव्या औषधाचं नाव त्यांना पंधरा दिवसांपूर्वी धड माहीत नव्हतं, पण शरीराचं आणि औषधांचं जे ज्ञान त्यांच्याकडे होतं ते दुसऱ्या कुणाकडेच त्या क्षणी नव्हतं. त्यांना शिकवायचं म्हणजे या ज्ञानाच्या शेजारी एक नवी खुंटी ठोकायची, एवढंच काम आहे. ते आम्ही करत नव्हतो.

हे आताच का

काही वर्षांपूर्वी अशी औषधं इंदुरात मोजक्या घरांना परवडत. अमेरिकेत निवोलुमॅबला पहिली मान्यता मिळाली २०१४ साली. नेहमीचा डोस २४० मिलिग्रॅम दर दोन आठवड्यांनी, आणि खर्च निवृत्तिवेतनावर जगणाऱ्याच्या आवाक्याबाहेरचा. मग मुंबईच्या टाटा मेमोरियलच्या डॉक्टरांनी डोक्या-मानेच्या पुढच्या टप्प्यातल्या कर्करोगात अगदी छोटा डोस, २० मिलिग्रॅम दर तीन आठवड्यांनी, तोंडानं घ्यायच्या तीन औषधांच्या जोडीला देऊन पाहिला. १५१ रुग्णांचा हा अभ्यास जर्नल ऑफ क्लिनिकल ऑन्कॉलॉजीमध्ये २०२३ साली आला. वर्षभरानंतर जिवंत असलेल्यांचं प्रमाण नुसत्या गोळ्यांच्या गटात १६.३ टक्के होतं, निवोलुमॅबच्या गटात ४३.४ टक्के. आपल्याच देशात, आपल्याच रुग्णांसाठी, आपल्या खिशाचा विचार करून केलेलं हे काम आहे आणि मला त्याचा मनापासून अभिमान वाटतो.

पण याचाच अर्थ असा की हे औषध आता वीज मंडळातल्या निवृत्त कारकुनाच्या घरात पोचलं. भारतात पुरुषांमध्ये तोंडाचा कर्करोग सगळ्यात जास्त. कर्करोगाची जागतिक आकडेवारी देणाऱ्या ग्लोबोकॅनच्या २०२२च्या अंदाजात देशात वर्षाला १४ लाखांहून अधिक नवे कर्करुग्ण. मध्य प्रदेशानं १ एप्रिल २०१२ रोजी गुटख्यावर बंदी घातली, देशात सगळ्यात आधी. तरी पानमसाल्याची पुडी आणि तंबाखूची पुडी शेजारी शेजारी टांगलेली असते आणि घेणारा हातावर दोन्ही एकत्र करतो. रुग्ण कमी होतील अशी चिन्हं नाहीत. आणि डोस कमी म्हणून दुष्परिणाम होणारच नाही असंही नाही. पीडी-१ रोखणाऱ्या औषधांत त्रास डोसाच्या प्रमाणात घटत जातो असं सरळ गणित बसत नाही.

तीन आठवड्यांतला एक दिवस हा रुग्ण डे-केअरमध्ये असतो. उरलेले वीस दिवस तो आमच्या गल्लीत असतो.

शिक्षणाची रीत आणि तिचं वजन

भारतीय आयुर्विज्ञान परिषदेच्या २००२च्या आचारनियमांत डॉक्टरांनी पाच वर्षांत किमान ३० तास निरंतर शिक्षण घ्यावं असं म्हटलं आहे. नियम चांगलाच आहे, पण मोजले जातात ते तास. एखाद्या हॉटेलच्या सभागृहात संध्याकाळी तीन व्याख्यानं, प्रत्येकात शंभरेक स्लाइडा, मग जेवण, मग प्रमाणपत्र. व्याख्याते अभ्यासू असतात, त्यांच्या तयारीबद्दल मला आदर आहे. प्रश्न आहे तो दुसऱ्या दिवशी सकाळी दवाखान्यात काय बदलतं याचा.

याचा अभ्यास झालेला आहे. १९९९ साली डेव्ह डेव्हिस आणि सहकाऱ्यांनी अमेरिकन मेडिकल असोसिएशनच्या नियतकालिकात निरंतर शिक्षणाच्या प्रयोगांचा आढावा घेतला : नुसत्या व्याख्यानांनी डॉक्टरांचं वागणं बदलल्याचं दिसलं नाही, ज्यात डॉक्टर स्वतः विचार करतात, वाद घालतात, सराव करतात अशा बैठकांनी बदललं. २००९च्या कॉक्रेन आढाव्यात (अनेक अभ्यास एकत्र पडताळणारा आढावा) शैक्षणिक बैठकांचा सरासरी परिणाम सहा टक्क्यांच्या घरात निघाला. व्याख्यान आणि संवाद दोन्ही असलेल्या बैठकांचं फळ जास्त चांगलं होतं. आणि अमेरिकेतल्या न्यू मेक्सिको विद्यापीठात संजीव अरोरा यांनी २००३ साली सुरू केलेला इको प्रकल्प तर मला आमच्यासाठी घालून दिलेल्या वाटेसारखा वाटतो. हेपॅटायटिस सीचे रुग्ण शेकडो मैलांवरून त्यांच्याकडे येत. त्यांनी खेड्यातल्या डॉक्टरांना दर आठवड्याला दूरदृश्य जोडणीवर आपापले रुग्ण मांडायला लावले. २०११ साली न्यू इंग्लंड जर्नल ऑफ मेडिसिनमध्ये निकाल आले : खेड्यातल्या त्या डॉक्टरांचे रुग्ण विद्यापीठाच्या रुग्णांइतकेच बरे झाले. शिकवणूक रुग्णापासून सुरू झाली, म्हणून ती रुग्णापर्यंत पोचली.

आपल्याकडे २०१२ साली सुरू झालेल्या नॅशनल कॅन्सर ग्रिड या कर्करोग रुग्णालयांच्या जाळ्यामुळे तज्ज्ञांची आपसातली देवाणघेवाण खूप सुधारली आहे. जुलाबांची तक्रार ऐकणारा डॉक्टर मात्र त्या साखळीत नाही.

रामबागेतली बैठक

हे प्रकरण आम्ही रामबागेतल्या एका छोट्या सभागृहात मांडलं. प्रायोजक नाही, पडदा नाही. प्रकरणाचे तुकडे करून चिठ्ठ्या छापल्या आणि एकेक चिठ्ठी वाटून प्रत्येकाला आपला निर्णय लिहायला सांगितलं. पहिली चिठ्ठी : ६१ वर्षं, तीन दिवस जुलाब, घरात गणपती. जवळजवळ सगळ्यांनी ओआरएस आणि अँटिबायोटिक लिहिलं. चालू औषधं कोणती, हा प्रश्न अगदी थोड्यांनी लिहिला. दुसरी चिठ्ठी : कर्करोगाची केमो चालू आहे. आता रक्तातल्या पेशी तपासा, भारी अँटिबायोटिक द्या, असं आलं. तिसऱ्या चिठ्ठीवर रात्रीचे जुलाब, रक्त आणि त्या स्टिकरचा मजकूर होता. सभागृहात कुजबुज सुरू झाली ती तिथे.

अडलं ते स्टेरॉईडपाशी. आमच्यातले एक ज्येष्ठ डॉक्टर उभे राहून म्हणाले, "कर्करोगाचा पेशंट, शौचातून रक्त, आणि मी स्टेरॉईड देऊ? उद्या आतडं फुटलं तर मला कोण विचारायला येईल ते सांगा." प्रश्न रास्त होता आणि बराच वेळ आम्ही त्यावरच बोललो. आतडं फुटण्याचा धोका या दाहात असतोच. पोट कडक असेल, दाबून सोडल्यावर दुखत असेल तर आधी सर्जन आणि स्कॅन. दवाखान्यात बसून स्टेरॉईडचा मोठा डोस सुरू करा असं कुणी त्यांना सांगत नव्हतं. ओळखा, थांबवायची औषधं थांबवा, त्याच दिवशी पाठवा आणि पाठवण्याआधी फोन करा, एवढी अपेक्षा. पण इंदूरजवळच्या महूच्या एका डॉक्टर बाईंनी यातली फट दाखवली. त्यांच्याकडे आसपासच्या खेड्यांतून माणसं येतात, संध्याकाळी सातनंतर इंदूरला जायला वाहन मिळत नाही. "फोन करा म्हणता, तो रात्री उचलणार कोण?"

डे-केअरचे कर्करोगतज्ज्ञ या बैठकीला आले होते, बोलायला नव्हे, ऐकायला. त्यांनी पाळीपाळीनं तीन डॉक्टरांकडे राहील असा एक मोबाइल नंबर द्यायचं कबूल केलं आणि तो सुरू झालाही. सुट्टीच्या रात्री तो अजून नीट चालत नाही. त्यावर काम करणं बाकी आहे. रात्री वाहन नसेल तर फोनवर बोलून प्रेडनिसोलोनचा पहिला डोस तिथेच द्यायचा, एवढं ठरलं.

तज्ज्ञांनाही त्या दिवशी काही कळलं. त्यांच्या चिठ्ठीवर औषधाचं नाव तिसऱ्या पानावर होतं, दुष्परिणामांची सूचना इंग्रजीत होती, आणि लोपेरामाइडची सूचना कुठल्या औषधासाठी आहे हे लिहिलेलं नव्हतं. ब्रिटनमध्ये इम्युनोथेरपीच्या रुग्णांना पाकिटात ठेवायचं कार्ड देतात. आम्ही तसंच एक मराठी-हिंदीत छापलं : औषधाचं नाव, शेवटच्या डोसाची तारीख, फोन नंबर, आणि हे त्रास झाले तर दुकानातून परस्पर औषध घेऊ नका अशी सूचना. जुलाब. नवा खोकला किंवा धाप. छातीत दुखणं. डोळे पिवळे. खूप तहान आणि वारंवार लघवी. न जाणारी डोकेदुखी. न ओसरणारा थकवा. कार्डावर वर ठळक अक्षरात, औषध बंद झाल्यावरही कार्ड जवळ ठेवा. ही ओळ तज्ज्ञांनीच घालायला लावली.

केसपेपरवर एक प्रश्न वाढवायचाही निर्णय झाला : गेल्या वर्षभरात कर्करोगासाठी शिरेतून कुठलं औषध घेतलं का, त्याचा कागद पाहिला का? काही महिन्यांनी मी काही दवाखान्यांत डोकावलो. काहींनी रबरी शिक्का करून घेतला आहे, काहींकडे पहिल्या आठवड्यानंतर प्रश्न गळून पडला. शिक्का असलेल्यांकडे टिकला. म्हणून आता गटाच्या खर्चातून सगळ्यांना शिक्के देतो आहोत. काका गोळ्यांवर आहेत, मानेतली गाठ तेवढीच आहे, आणि त्यांचं कार्ड त्यांच्या बँकेच्या पासबुकात असतं.

पुढच्या बैठकीची चिठ्ठी तयार आहे. ४८ वर्षांच्या शिक्षिका, महिनाभर थकवा, मळमळ, वजन उतरलेलं, रक्तदाब कमी, सोडियमही कमी, १२४. दुसऱ्या चिठ्ठीवर येईल की स्तनाच्या ट्रिपल निगेटिव्ह कर्करोगासाठी शस्त्रक्रियेच्या आधी आणि नंतर मिळून वर्षभर पेम्ब्रोलिझुमॅब (पीडी-१ रोखणारंच औषध) झालं, आणि ते संपून चार महिने झाले. म्हणजे घरच्यांच्या दृष्टीनं आजार मागे पडला. थायरॉईडची तपासणी बहुतेक जण लिहितील आणि ती बिघडलेलीही निघेल. तिथे कॉर्टिसॉल (शरीराचं स्वतःचं स्टेरॉईड) न पाहता थायरॉक्सिन सुरू केलं तर पिट्युटरी बसलेल्या रुग्णाला अ‍ॅड्रिनल क्रायसिसमध्ये, म्हणजे कॉर्टिसॉल संपून जिवावर बेतणाऱ्या अवस्थेत, ढकलल्यासारखं होतं. आधी हायड्रोकॉर्टिसोन, मग थायरॉक्सिन. या वेळी पहिली चिठ्ठी महूच्या डॉक्टर बाई वाचणार आहेत आणि रात्रीच्या फोनाचा विषय त्यांनी बैठकीच्या सुरुवातीलाच घ्यायला सांगितला आहे.